बाईंचा टोप

पडदा वर जातो. रंगमंचावर माणूस एकही नाही. डोकी मात्र पुष्कळ.

लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी. भिंतीलगत फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेली लाकडी डोकी. कुणाला राजाचे कुरळे केस, कुणाला नुसती जाळी, कुणी साफ टकलू. कोपऱ्यात उंच आरसा, त्यावर जाड निळं कापड. सकाळचं ऊन आत येतं आणि टेबलावर पसरलेल्या केसांच्या जुड्यांवर बसतं. केस गाठवणाऱ्या मावशी येऊन खिडकीपाशी बसतात. मग डाव्या विंगेतून, म्हणजे मागच्या खोलीच्या दारातून, मास्तर प्रवेश करतात आणि चष्मा शोधू लागतात.

"कपाळावर बघा," खिडकीपाशी बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणतात. "तिथं नसला तर कपाळही हरवलं म्हणायचं."

हे टोपमास्तर. टोप म्हणजे नाटकातले खोटे केस. जाळीवर एकेक केस बारीक आकड्यानं गाठवायचा आणि तो डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसला पाहिजे, असं हे काम. वडिलांनी केलं, मग यांनी. गावातली नाटकगृहं भरभरून वाहत होती तेव्हा तिसरी घंटा व्हायच्या आत शेवटचं डोकं झाकून मास्तर विंगेत उभे राहत. नायिका कितीही हंबरडा फोडो, मास्तरांचे डोळे तिच्या कपाळाच्या कडेवर. एकदा तलवारबाजीत सरदाराचा टोप नायकाच्या बटणात अडकून खाली पडला. प्रेक्षकांत खसखस पिकणार, तोच मास्तर शिपायाची पगडी चढवून रंगमंचावर गेले, टोप उचलला, गुडघा टेकून म्हणाले, "सरदार, आपलं शिरस्त्राण," आणि तो त्याच्या डोक्यावर ठेवून आले. टाळी अशी पडली की पुढच्या सगळ्या प्रयोगांत तो टोप मुद्दाम पाडावा लागला.

त्यांचे नियम थोडे होते, पण पक्के. टोप चढेपर्यंत आरसा झाकलेला. अर्ध्या रंगलेल्या माणसानं स्वतःला पाहू नये. आणि टोप पुरा झाला की त्याचं माप, कागदी साचा, उरलेले केस, सगळं एका फडक्यात बांधून टोपाबरोबर फळीवर. माप टोपापासून कधी वेगळं करायचं नाही. वेगळं ठेवलं की माप हरवतं आणि नट मात्र पुढच्या वर्षी तेच डोकं घेऊन परत येतो.

मग नट येईनासे झाले. एका नाटकगृहाचं गोदाम झालं, दुसऱ्यात लग्नं लागू लागली. मास्तरांचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षाकाठी घरी येणारा. दुकान उरलं मास्तरांकडे, केस गाठवणाऱ्या मावशींकडे आणि सूनबाईकडे. सूनबाई लग्नाआधी एका कंपनीत जाहिरातीचं काम बघायची. तिनं एक दिवस विचारलं, "बाबा, आजारपणाच्या औषधांनी ज्यांचे केस जातात, त्यांच्यासाठी कधी टोप केलाय?"

"नाही गं. आपली माणसं रात्री नवाला टोप काढून ठेवणारी."

"ही माणसं दिवसभर घालतील. तेवढाच फरक."

फरक तेवढाच नव्हता, पण मास्तर शिकले. सूनबाईनं दुकानाचं पान उघडलं, ते असं की जगातल्या कुणालाही फोनवर दिसावं. रोज एक फोटो: लाकडी डोक्यावर तयार टोप आणि खाली दोन ओळी. लोक लिहू लागले, विचारू लागले. कुठल्या कुठल्या अनोळखी बायका आपल्या लांबसडक वेण्या कापून पाकिटातून पाठवू लागल्या. काम इतकं वाढलं की तोंडी निरोप पुरेनात. तेव्हा सूनबाईनं तिघांच्या फोनवर एक सामायिक कपाट केलं. त्यात कप्पे: आलेलं, माप, चालू, तयार. कोणाचं काम कुठवर आलं ते कुणीही, कुठूनही बघावं. तयार कप्प्यात जे पडेल त्यातलं पहिलं, रोज दुकान उघडायच्या वेळी, आपोआप पानावर जाई. कुणी हात लावायची गरज नाही.

मास्तरांना वाटलं होतं, हे आपल्याला जमायचं नाही. जमलं, आणि असं जमलं की सूनबाई हैराण झाली. फोनवरच्या तिघांच्या कामाच्या गटावर ते भारदस्त आवाजात निरोप बोलून पाठवत: "अहो मावशी, तपकिरी केसांची ती जुडी कोणत्या दिशेस प्रयाण करती झाली?" मावशी हातभर अंतरावर बसलेल्या. त्याही फोन तोंडाशी धरून बोलत: "तुमच्या मांडीखाली."

पण मास्तरांचा खरा जीव जडला तो पानावर. फोटोखाली लाल बदाम उमटत, लोक चार शब्द लिहीत, ते मास्तर मोठ्यानं वाचून दाखवत. प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहीत: "आभारी आहे, मायबाप प्रेक्षक."

"ते गिऱ्हाईक आहे बाबा, प्रेक्षक नाही," सूनबाई हसायची.

"टाळी वाजवतो तो प्रेक्षक," मास्तर म्हणायचे. बरीच वर्षं त्यांना टाळी ऐकू आली नव्हती. आता ऐकू येत होती.

बाई आल्या त्या शाळा सुटल्यावर. पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. मास्तर आरशावरचं कापड सारखं करताना पाहून म्हणाल्या, "झाकताय ते बरंय. घरी मला ते करता येत नाही. आईच्या हाताला कापड लागेल, ती विचारेल."

"आईंना माहीत नाही?"

"नाही. आणि कळता कामा नये. त्याचसाठी आलेय तुमच्याकडे." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "माझी मोठी बहीण याच दुखण्यानं गेली. आई तिच्या उशाशी होती. ती गेल्यावर आईनं जेवण सोडलं. सोडलं असं म्हणाली नाही हो, पण ताट जसंच्या तसं. तिला परत माणसात आणायला आम्हाला काय काय करावं लागलं. मी बरी होणार आहे, डॉक्टर तसं म्हणतात. बरी झाले की सांगेन तिला. तोवर कानाला वारं लागतं म्हणून रुमाल बांधते असं सांगितलंय. पण कान तरी किती दुखणार?"

"दिसायला थेट तुमचेच केस करू, बाई."

"दिसण्याचं नाही मास्तर. तिला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बस. तिचा हात बघतो. मी शाळेतून आले की डोक्यावरून हात फिरवते, लहानपणापासून. हल्ली तो हात रुमालावरून फिरतो आणि ती काही बोलत नाही. मला ते सोसत नाही."

पिशवीतून त्यांनी वेणी काढली. गळायला लागले तेव्हा कापून ठेवलेले त्यांचेच केस.

मास्तर वेणी हातात धरून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी मागच्या रांगेतल्या डोळ्यांसाठी टोप केले. एका तळहातासाठी कधी केला नव्हता.

माप घेण्यासाठी बाईंनी रुमाल सोडला. मास्तरांनी समोरून, दोन्ही बाजूंनी फोनवर फोटो काढले. केस कुठून सुरू व्हायचे ते भुवयांवरून ठरतं, त्यामुळे चेहरा घ्यावाच लागे.

"हे कुणाला दिसणार नाही ना?"

"बाई, विंगेतलं मी आजवर कधी प्रेक्षकांना दाखवलेलं नाही," मास्तर म्हणाले. बाईंनी रुमाल पुन्हा बांधला.

त्या टोपावर मास्तरांनी जीव ओवाळून टाकला. डोळे मिटून हात फिरवायचा, खटकलं की उसवायचं. भांगाजवळचे पांढरे केस बोटांना किंचित राठ लागतात. ते वेणीतून निवडून जिथले तिथे गाठवले. कानामागची मऊ लव मावशींनी केली. करता करता म्हणाल्या, "माझ्या सासूनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता तर उवा आहेत का बघायलाच."

टोप पुरा झाला त्या दिवशी सूनबाई परगावी, एका मोठ्या दवाखान्यात टोप दाखवायला गेली होती. एरवी शेवटची आवराआवर तीच करायची. गटावर तिचा निरोप आला: "बाबा, बाईंचा टोप झाला की फोटो काढून तयार कप्प्यात टाका. मी त्यांना विचारलंय. नुसत्या टोपाचा चालेल म्हणाल्या." मास्तरांनी खाली अंगठा उमटवला.

फोटो काढला. तयार कप्प्यात टाकला. मग सगळं आयुष्य जे करत आले तेच केलं. टोपाबरोबर त्याचं माप बांधलं. माप कप्प्यातले बाईंचे फोटो बोटानं उचलून एकेक करून टोपाशेजारी ठेवले, टोपाच्या अलीकडे, कारण माप आधी आणि टोप मागून. फडक्याला गाठ मारल्यावर वाटायचं तसं समाधान त्यांना वाटलं. बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टोप न्यायला येणार होत्या.

सकाळी दुकान उघडलं आणि फोन जो वाजायला लागला तो थांबेना.

"मावशी, बाईंचा टोप बघा," मास्तर म्हणाले. फोटो त्यांनी उघडलाच नाही. तो त्यांनीच काढलेला, त्यात नवीन काय बघायचं. ते खालचं वाचत होते. "बदाम बघा किती. हे काय म्हणतात, 'डोळ्यांत पाणी आलं.' टोप बघून रडले हो. 'किती सुंदर.' 'मनापासून नमस्कार.'"

"एवढं काय आहे त्यात?" मावशी म्हणाल्या.

"तुमची कानामागची लव आहे." मास्तर खुशीत होते. एका बोटानं, न कंटाळता, ते प्रत्येकाला लिहीत राहिले: आभारी आहे, मायबाप प्रेक्षक. आभारी आहे, मायबाप प्रेक्षक. चहा निवून गेला.

मग कुणीतरी लिहिलं, "या आमच्या शाळेतल्या बाई ना?"

मास्तरांचं बोट तिथंच राहिलं. टोपावरून बाई कशा ओळखू येतील? त्यांनी फोटो उघडला. बाई समोर बघत होत्या. रुमाल हातात.

फोटो काढून कसा टाकायचा ते त्यांना शिकवलेलं नव्हतं. सूनबाई बसमध्ये होती. तिला पहिल्यांदा काही समजलंच नाही, कारण मास्तर नुसतं "पोरी, पोरी" म्हणत होते. समजल्यावर तिनं लगेच तो उतरवला. पण तोवर लोकांनी तो पुढे पाठवला होता. चांगल्या मनानं पाठवला होता. वाईट मनानं कुणीच नाही.

मास्तरांनी टोपाचा खोका काखोटीला मारला. मावशी म्हणाल्या, "चप्पल घाला," तेव्हा त्यांनी घातली. बाईंचं घर फार लांब नव्हतं. वाटेत ते मनाशी घोकत होते की म्हातारीला फोन कुठला दिसायला. दिसत नाही तेच बरं. शाळा सुटली की बाईंना घराच्या दारातच गाठू, टोप चढवू, संध्याकाळी त्या डोकं पुढे करतील आणि तो हात फिरेल. अजून तिसरी घंटा झालेली नाही, असं ते स्वतःला सांगत होते.

दार उघडंच होतं. आत खुर्चीत माई बसल्या होत्या, बाईंची आई. अंगानं चिमणीएवढ्या, पाठ ताठ. शेजारीण त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसली होती, डोळे पुसत, मांडीवर फोन.

"मी वाचून दाखवत होते त्यांना," शेजारीण मास्तरांना म्हणाली. "केवढं कौतुक केलंय लोकांनी. किती धीराची मुलगी, एकटीनं सगळं सोसलं. म्हटलं, आईला अभिमान वाटेल."

मास्तर उंबऱ्यातच थांबले.

"कोण आलंय?" माईंनी विचारलं.

"मी टोप करतो, माई. मास्तर म्हणतात मला."

"तिचा आणलाय का?"

"हो."

"द्या बघू."

मास्तरांनी खोका उघडून टोप त्यांच्या हातात ठेवला. माईंनी तो मांडीवर घेतला आणि वरून हात फिरवला, कपाळापासून मागं. पुन्हा फिरवला. बोटं भांगाजवळ थांबली.

"इथले राठ," त्या म्हणाल्या. "पांढरे आहेत तिचे इथं."

"हो. त्यांचेच केस आहेत, माई."

"मला कळलं नसतं," माई म्हणाल्या. "खरंच कळलं नसतं हो."

आजवर मास्तरांच्या कामाला इतकी मोठी दाद कुणी दिली नव्हती.

बाई आल्या त्या शाळा अर्ध्यावर टाकून. शाळेतही फोन होतेच. दारातून त्यांनी आईच्या मांडीवरचा टोप पाहिला, शेजारणीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"कान दुखतो म्हणालीस," माई म्हणाल्या.

"आई."

"इकडे ये."

बाई खुर्चीपाशी खाली बसल्या. माईंनी चाचपत रुमालाची गाठ शोधली, सोडली आणि जिथं काहीच नव्हतं त्या डोक्यावरून हात फिरवला. शेजारीण उठून निघून गेली.

"बाई," मास्तर म्हणाले, "माझ्या हातून..."

"आज नको, मास्तर." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही जा आता."

मास्तर रिकामा खोका घेऊन परतले.

पुढचं सांगायला अवघड आहे, पण सांगायला हवं. माईंचं ताट त्या दिवसापासून पुन्हा तसंच राहू लागलं. बाई आठवड्याआड औषध टोचून घ्यायच्या आणि उरलेले दिवस आईला घास भरवायच्या. मी बरी होतेय, आई, असं रोज सांगायच्या. माई मान हलवायच्या. मोठीनंही त्यांना तेच सांगितलं होतं. बाईंची औषधं संपायच्या आधीच माई गेल्या, दुसरीही जाणार हे मनाशी धरून. आणि बाई बऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले होते तशा, अगदी खडखडीत.

टोप परत आला नाही. मास्तरांनी कधी विचारला नाही.

"बाबा, चूक माझी आहे," सूनबाई म्हणाली होती. "माप आणि तयार एका कपाटात ठेवायलाच नको होतं मी."

"फोटो मी काढले, पोरी. शब्दही मीच दिला होता."

तिनं मापाच्या कप्प्याला वेगळं कुलूप घातलं. पानाची भरभराट झाली. त्या एका सकाळी इतके लोक जोडले गेले की काम आवरेना. कित्येक जण विचारत, ती धीराची बाई कुठे आहे, तिचा फोटो पुन्हा लावा. सूनबाईनं अशा कुणाला कधी उत्तर दिलं नाही. मास्तर कामाच्या गटातून बाहेर पडले. काम थांबवलं नाही. मावशी विचारत आणि ते नुसत्या बोलण्यानं सांगत, साध्या आवाजात.

बाईंना त्यांनी एकदाच निरोप बोलून पाठवला. नाटकी आवाज त्यात कुठेच नव्हता. "बाई, मी मास्तर. माझ्या हातून झालं." एवढंच. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे बाईंनी तो ऐकला. उत्तर आलं नाही. दुसरा निरोप पाठवायचा धीर त्यांनी केला नाही, पण सकाळी चष्मा सापडला की आधी तिथं बघायचे.

एकदा मावशी बाजारातून येऊन म्हणाल्या, "बाई दिसल्या. केस आलेत. कुरळे आलेत या वेळी, दाट."

"कानामागे नीट आलेत?"

"ते कुठं बघत बसू मी?"

"बोलल्या काही?"

मावशींनी केसांची जुडी उलगडायला घेतली. "घाईत होत्या," त्या म्हणाल्या.

मास्तर अंथरुणाला खिळले ते छातीच्या दुखण्यानं. सूनबाईनं पानावर दोन ओळी लिहिल्या की टोपमास्तर आजारी आहेत. फोन पुन्हा वाजायला लागला. जुने नट, टोप घातलेल्या आणि आता टोपाची गरज न उरलेल्या बायका, वेण्या पाठवणाऱ्या अनोळखी मुली. सूनबाई उशाशी बसून एकेक वाचून दाखवत होती. तो सरदार आता स्वतःच टकलू झाला होता, त्यानं लिहिलं होतं, "माझं शिरस्त्राण पडलंय, लवकर बरे होऊन या." मास्तर हसले, पण डोळे छताकडेच होते.

"बाबा, अजून कितीतरी आहेत. वाचू?"

"बाईंचं आहे का त्यात काही?"

सूनबाईनं फोन वर सरकवला, आणखी वर सरकवला. "बघते," ती म्हणाली. "खूप आहेत. बघते हं, बाबा."

मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश बघ," ते म्हणाले. "आणि नसलं तर राहू दे. त्यांना विचारू नकोस."